बाखावानचे एकशे बारा होकार

१

मंगळवारी सकाळी मी पाव आणायला निघालो, तर बारांगायच्या कचेरीपुढे ही गर्दी. आमचं बाखावान बारांगाय, म्हणजे गाव म्हणा, ते केवढं, तीनशे घरांचं. एवढी माणसं एका जागी जमलेली मी नऊ वर्षांत पाहिली नव्हती. कुणी गेलं की काय, म्हणून मी माझी तीनचाकी ट्रायसिकल कडेला लावली आणि कोपरानं वाट काढत पुढे घुसलो.

गेलं कुणी नव्हतं. कचेरीच्या दारावर चार कागद चिकटवलेले होते. त्यांवर एकशे बारा नावं आणि प्रत्येक नावापुढे एकच शब्द: हो.

वर ठराव छापला होता. बाखावानचा होड्या लावायचा किनारा पंचवीस वर्षांसाठी एका हॉटेलवाल्याला द्यावा, होड्या नदीच्या मुखापलीकडे हलवाव्यात, याला खालील नागरिकांनी बारांगायच्या नेटवरच्या पानावर आपण होऊन संमती दिली आहे. शुक्रवारी दहा वाजता नगरसभेत सुनावणी.

नदीच्या मुखापलीकडे काय आहे, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मांडीभर चिखल आहे. तिथे ओहोटीला होडी लावायची, तर आधी माणूस रुतायचा आणि मग मासळी नासायची. एक्केचाळीस होड्या आहेत आमच्या. शुक्रवारी तो ठराव पास झाला, की एक्केचाळीस घरांची चूल विझली म्हणून समजा.

आणि यादीत पहिलं नाव कुणाचं? माक्सिमो बेलोनियो. म्हणजे आमचा तियो इमो, सगळ्यांचा काका, सत्तरीचा, कोळ्यांचा म्होरक्या. त्याची बायको भर गर्दीत त्याच्यावर कडाडली, "किनारा विकलास! स्वतःच्या बापाचा किनारा विकलास!"

तियो इमो मान खाली घालून गर्दीतून निघाला, तो थेट मानांग सालिंगच्या दारात जाऊन बसला. मीही पाव विसरून मागोमाग गेलो.

मानांग सालिंग कोण, हे नव्या पोरांना सांगावं लागतं, याचंच मला वाईट वाटतं. एकतीस वर्षं ही सगळ्यांची मानांग, थोरली ताई, या बारांगायची दवंडी देत होती. ट्रायसिकल माझी, कर्णा तिचा. पाणी कधी येणार, लशी कधी टोचणार, सभा कधी भरणार, कुणाची डुकरीण सुटली, सगळं तिच्या तोंडून गावाला कळायचं. मग नऊ वर्षांपूर्वी बारांगायच्या प्रमुखानं, कापितानसाहेबांनी, नेटवर पान काढलं आणि आम्हा दोघांना एकेक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी बसवलं. माझं घड्याळ दुसऱ्याच महिन्यात बंद पडलं. तिचं चालतंय, पण ती त्याच्याकडे बघत नाही.

"इमो, हो लिहिलंस का?" मानांगनं विचारलं. तिचा आवाज आता घोगरा झालाय, पण जरब तीच.

"लिहिलं."

"वाचून लिहिलंस?"

तियो इमो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "सालिंग, किनारा वाचव. पण मला हे विचारू नकोस. कुणी काय सांगितलं, ते मी मेलो तरी बोलणार नाही."

मानांगनं माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस, ओस्टिंग? म्हणजे कुणीतरी काहीतरी सांगितलंय."

२

कापितान नेस्तोर हा माणूस तसा वाईट नाही. लग्नाला, मयताला पहिला हजर. पण त्याला खुर्चीत बसलं की घाम येतो आणि घाम आला की तो हसतो.

"मानांग, तुम्ही कशाला उन्हातून आलात?" तो हसत म्हणाला. "सगळं पारदर्शक आहे. दिंदो, दाखव बघू."

दिंदो हा कचेरीचा चिटणीस. पान तोच सांभाळतो. केस चोपडलेले, शर्टाच्या खिशात तीन पेनं, आणि बोलणं असं की लोण्यावरून सुरी फिरावी. त्यानं संगणक आमच्याकडे वळवला.

पडद्यावर मोठं चित्र होतं. चित्रात निळ्या अक्षरांत अख्खा ठराव. किनारा, हॉटेल, पंचवीस वर्षं, नदीचं मुख, सगळं स्वच्छ. चित्राच्या वर दोनच ओळी होत्या: "नागरिकहो, खालील प्रस्ताव पाहा. मान्य असल्यास हो आणि पूर्ण नाव लिहा." आणि खाली होकारांची रांग.

"एक अक्षर लपवलेलं नाही," दिंदो म्हणाला. "महिनाभर पानावर आहे. आता सुनावणी आली, तर म्हणे आम्हाला माहीतच नव्हतं."

"मला याची छापील प्रत देशील? सगळीच्या सगळी. कोण काय बोललं, अगदी टिकल्या-बाहुल्यांसकट."

"देतो ना, मानांग. लपवायचंय काय?"

यंत्र कुरकुरत होतं तेवढ्यात कापितान माझ्याकडे वळला. "काय ओस्टिंग, आठवतात का तुमच्या त्या सभा? अकरा माणसं यायची, त्यातली चार झोपायची. आता बघ, एकशे बारा माणसं बोलली! त्यात साठ बाया! नेट नसतं तर या बाया कधी बोलल्या असत्या?"

मला झोंबलं. कारण खोटं नव्हतं ते. आमच्या काळी सभा म्हटली की बाया मागे उभ्या राहून पंखे हलवायच्या. पण सभेत निदान एकमेकांची तोंडं दिसायची, आणि कुणी न कळता मान हलवली तर शेजारचा त्याला ढोसायचा. मी काहीतरी खरमरीत बोलणार होतो, पण मानांगनं माझ्या पायावर पाय दिला.

बाहेर आलो. बदामाच्या झाडाखाली उभं राहून ती म्हणाली, "तुझा फोन काढ. तेच पान उघड."

मी उघडलं. वरच्या दोन ओळी दिसल्या. खाली होकारांची रांग दिसली. आणि मधे, जिथे निळ्या अक्षरांतला ठराव असायला हवा, तिथे नुसता करडा चौकोन.

"चित्र कुठंय?" मानांग म्हणाली.

"माझा पॅक संपलाय," मी म्हणालो. "फुकटच्या नेटवर अक्षरं दिसतात, चित्रं नाही दिसत." आणि बोलता बोलता माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. किनाऱ्यावरच्या घरांत तर बारा महिने फुकटचंच नेट असतं.

३

"म्हणजे त्यांनी चौकोनाला हो म्हटलं?" मी म्हणालो. "एवढी का खुळी आहेत आपली माणसं?"

"खुळी नाहीत, ओस्टिंग. चित्र दिसलं नाही की आपली माणसं काय करतात?"

ते मला ठाऊक होतं. सगळेच करतात. खाली लिहितात, "चित्रात काय आहे हो? माझं नेट फुकटातलं आहे." मग ज्याच्याकडे नेट असेल तो सांगतो. वधूचा झगा पांढरा आहे, बाळ बापावर गेलंय, डुक्कर अख्खं भाजलंय. एकानं बघायचं आणि बाकीच्यांना सांगायचं. मला वाटतं दवंडीची सवय लोकांनी तेवढीच जपलीय.

"मग इथेही कुणीतरी विचारलं असेल," मानांग म्हणाली. "आणि कुणीतरी सांगितलं असेल. काय सांगितलं, तेच बघायचंय."

आम्ही दोन दिवस दारोदार फिरलो. एकजात सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. हो, आम्हीच लिहिलं. नाही, कुणी सांगितलं नाही. चुकलं आमचं. चिकट भाताचा इबोस खा, कॉफी घ्या, आणि जा आता.

लोला सेपाकडे गेलो. चौऱ्याऐंशीची म्हातारी, पण फोन असा चालवते की पोरं लाजतील. पूर्वी दवंडी तिच्या खिडकीवरून गेली की हटकून ओरडायची, "काय म्हणालीस?" आणि मानांग मला ट्रायसिकल मागे घ्यायला लावायची. एका म्हातारीसाठी आख्खी गल्ली उलटी! मी तेव्हा खूप कुरकुर केलीय. आता ती कुरकुरसुद्धा हवीहवीशी वाटते.

"लोला, चित्रात काय आहे, असं तुम्ही विचारलंत ना?" मानांग म्हणाली.

"मी काही विचारलं नाही. मला काही आठवत नाही."

"तुम्हाला माझ्या लग्नातली सगळी जेवणाची पानं आठवतात. आणि गेल्या महिन्यातलं आठवत नाही?"

म्हातारीनं खिडकी लावून घेतली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी ती खिडकी दिवसाढवळ्या बंद झालेली पाहिली.

जोवेलिन नावाची पोर, बावीस वर्षांची, तियो इमोची पुतणी, ती तर रडायलाच लागली. "मानांग, पाया पडते. किनारा गेला तरी चालेल, पण ते नाव नका काढायला लावू."

रस्त्यात मी म्हणालो, "मला विचारशील तर हे काम त्या विल्यारिनचं." विल्यारिन हा हॉटेलवाल्याचा माणूस. पांढरे बूट घालून वाळूत फिरतो. गेल्या महिन्यात किनाऱ्यावर येऊन सगळ्यांना थंडगार सरबत पाजत होता. "त्यानंच खोटंनाटं सांगितलं असणार. आणि आता लोकांना दमात घेतलंय."

"घाबरलेला माणूस असा दिसत नाही," मानांग म्हणाली. "ही माणसं कुणाला घाबरत नाहीयेत. कुणाला तरी सांभाळतायत."

गुरुवारी सकाळी तिच्या ओट्यावर बसून आम्ही ती छापील प्रत पुन्हा वाचायला घेतली. हो, हो, हो. डोळे दुखले. मधेच तिचं बोट थांबलं. मग आणखी एका ठिकाणी थांबलं. मग तिसऱ्या.

"ओस्टिंग, हे बघ. लोला सेपा लिहिते, 'सालामात, दाय.' खाली हो. जोवेलिन लिहिते, 'सालामात, निनांग.' खाली हो. आणि इमो लिहितो, 'सालामात, मॅम.' खाली हो." ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. "हे कुणाचे आभार मानतायत?"

मी वरखाली पाहिलं. त्यांच्या वर कुणाचं काही नव्हतंच. "कुणाचेच नाहीत."

"तेच तर. उत्तर कुणीतरी पुसलंय. प्रश्नही पुसलेत. पण आभार तेवढे राहून गेले."

४

मी पाव कॉफीत बुडवला आणि तो तसाच कॉफीत विरघळला.

"आता हिशेब सोपा आहे," मानांग म्हणाली. "आपली माणसं रिकामे आभार कधी मानत नाहीत. पुढे नातं लावतात. लोला सेपा 'दाय' म्हणते, म्हणजे ती बाई आहे आणि सेपापेक्षा लहान आहे. तुझा विल्यारिन सुटला."

"त्याच्या मिशा आहेत खऱ्या," मी म्हणालो.

"इमो 'मॅम' म्हणतो. बाखावानमध्ये मॅम म्हणावं अशा बाया किती?"

मी बोटं मोजली. "तीन. सुईणबाई, कापितानची बायको आणि मॅम एर्लिंदा, शाळेच्या."

"सुईणबाई बाहेरगावची. लोला सेपा तिला दाय म्हणेल?"

"छे. मिसिस म्हणते. जन्माला येताना जिला तिनं पाहिलं, त्याच बाईला ती दाय म्हणते."

"कापितानची बायको?"

"नारळाच्या झाडावरून भांडण झाल्यापासून लोला तिचं नावसुद्धा घेत नाही. आभार कसले मानतेय!" एवढं बोललो आणि उरलेलं एकच नाव माझ्या ध्यानात आलं.

"आणि जोवेलिनची निनांग कोण कोण?" मानांग हलकेच म्हणाली. "बारशाला आठ धर्ममाता होत्या पोरीच्या. तू मी दोघेही जेवायला होतो."

मला सगळं आठवत होतं. चर्चच्या पायरीवर पिवळा झगा घालून बाळाला घेऊन उभी होती ती. मॅम एर्लिंदा. छत्तीस वर्षं तिनं बाखावानला अक्षर शिकवलं. होडीवर जाणाऱ्या पोरांना संध्याकाळी घरी बोलावून शिकवलं. दवंडीचा मजकूरही तीच लिहून द्यायची, वळणदार अक्षरात, एकेक ओळ तोडून. मानांग कधी अडखळली नाही ती त्या अक्षरामुळे.

"शक्य नाही," मी म्हणालो. "ती खोटं बोलेल? किनारा विकायला?"

"मलाही ते पटत नाहीये," मानांग उठली. "म्हणूनच जाऊन विचारायचंय."

मॅम एर्लिंदाच्या घराचं दार सताड उघडं होतं. ती खुर्चीत बसली होती. अंगावर शाळेत जायचा जुना निळा पोशाख, मांडीवर पर्स. आम्हाला बघून दचकली नाही.

"मंगळवारपासून रोज तयार होऊन बसते," ती म्हणाली. "एवढा वेळ का लावलास, सालिंग?"

५

"मी सांगितलं त्यांना," मॅम म्हणाली. "लोला सेपानं विचारलं, मग इमोनं, मग जोवेलिननं. मी लिहिलं, वादळात मोडलेला धक्का दुरुस्त करायचा प्रस्ताव आहे, खुशाल हो लिहा. चष्म्याचा नंबर वाढलाय. मी चुकीचं वाचलं."

टेबलावर बायबल होतं, बारीक अक्षराचं, मधे खूण घातलेली. मानांगनं ते उघडून पाहिलं आणि मिटलं.

"मॅम, तुमचा फोन देता?"

"कशाला?"

"द्या तरी."

मॅमचा हात पर्सवर घट्ट झाला. मग तिनं फोन काढून दिला. मानांगनं पान उघडलं आणि मला दाखवलं.

करडा चौकोन.

"शेजारच्या भाच्याचं नेट भिंतीतून यायचं," मॅम खालच्या आवाजात म्हणाली. "मार्चमध्ये तो मनिलाला गेला. पेन्शनीतून औषधं येतात तेवढीच. लोकांना वाटतं मॅमकडे नेट आहे. नेहमी विचारतात. आणि मी... कापितान दोन दिवस आधीच किनाऱ्यावर सांगून गेला होता, धक्का दुरुस्त करू म्हणून. मला वाटलं, दुसरं काय असणार? तेच असणार."

"माहीत नाही, असं लिहिलं असतंत तर?" माझ्या तोंडून गेलं. मानांगनं डोळे वटारले.

"छत्तीस वर्षं, ओस्टिंग," मॅम म्हणाली, "या लोकांसमोर मी कधी 'मला माहीत नाही' म्हटलं नाही. म्हणताच आलं नाही." आणि ती रडली. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी दाराबाहेर बघत राहिलो. मलाही रडू येत होतं, ते लपवून काय करू.

मानांगनं तिला रडू दिलं. मग विचारलं, "मॅम, लिहिलेलं पुसलंत का तुम्ही?"

"पुसतात कसं? मला तर एकदा लिहिलं की लिहिलं, एवढंच येतं. परवा बघते तर माझं उत्तर नाही. मला वाटलं देवानंच झाकलं."

"देवानं नाही झाकलं," मानांग म्हणाली. "लोला सेपाचा प्रश्न, इमोचा प्रश्न, जोवेलिनचा प्रश्न आणि तुमचं उत्तर. चार माणसं, चार फोन. चौघं एका वेळी पुसायला बसली नाहीत. दुसऱ्यांचं लिहिलेलं पुसता येतं फक्त एकाला, ज्याच्या हातात पान आहे त्याला. त्यानं प्रश्न पाहिले, चुकीचं उत्तर पाहिलं. 'नाही हो, धक्का नाही, हॉटेल आहे' एवढं एक वाक्य लिहायचं होतं त्यानं. लिहिलं नाही. होकार येऊ दिले. महिनाभरानं छापायच्या आधी प्रश्न-उत्तर पुसलं. आभार त्याला बिनकामाचे वाटले, म्हणून राहिले."

"दिंदो!" मी उडालोच.

"पण उद्या तो म्हणेल, उत्तर होतंच कुठे? मग कुणीतरी उभं राहून सांगायला हवं, की उत्तर होतं, आणि ते मी दिलं." मानांग मॅमकडे वळली. "मी तुमचं नाव घेणार नाही. नाव घ्यायचंच असतं, तर इमोनं मंगळवारीच घेतलं असतं."

मॅम एर्लिंदानं पर्स मांडीवरून उचलली, उघडली, पुन्हा बंद केली. "ते मला जमणार नाही, सालिंग," ती म्हणाली. "हे सोडून काहीही माग." आणि उठून आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली.

६

शुक्रवारी नगरसभेत पाय ठेवायला जागा नव्हती. उपनगराध्यक्ष बाई मधे, एका बाजूला कापितान, दिंदो आणि पांढऱ्या बुटांचा विल्यारिन, दुसऱ्या बाजूला मासळीचा वास घेऊन आलेलं आमचं आख्खं बाखावान. मॅम एर्लिंदा कुठे दिसेना.

मानांग सालिंग उभी राहिली. करडा चौकोन, राहिलेले आभार, पुसलेले प्रश्न, सगळं तिनं सावकाश मांडलं. आवाज घोगरा, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला. तिची जुनी खोड आहे, महत्त्वाचं दोनदा सांगायचं. तिनं दोनदा सांगितलं.

दिंदो हसत उठला. "मानांगचा आम्ही आदर करतो. पण कुणी एक उत्तर दिलं होतं आणि मी ते पुसलं, ही झाली गोष्ट. दिलं होतं तर कुणी? नाव सांगा."

मानांग खाली बसली. दिंदो वळला. "तियो इमो, तुम्ही सांगा. कुणाचे आभार मानलेत?"

तियो इमो उभा राहिला. सगळा किनारा त्याच्या एका शब्दावर येऊन थांबला होता. "मला आठवत नाही," तो म्हणाला आणि बसला. माझा धीरच सुटला. त्याच्या बायकोनं तोंडात पदर कोंबावा तसा रुमाल कोंबला, पण तीही बोलली नाही. लोला सेपा नाही, जोवेलिन नाही.

"बघा," दिंदो म्हणाला.

"माझे मानले," दारातून आवाज आला.

मॅम एर्लिंदा. निळा पोशाख, मांडीवरची ती पर्स आता छातीशी धरलेली. लोक आपोआप बाजूला झाले. वर्गात शिरावं तशी ती मधोमध येऊन उभी राहिली.

"मी उत्तर दिलं. धक्क्याचा प्रस्ताव आहे, असं मी लिहिलं. मला चित्र दिसत नव्हतं. माझं नेट फुकटातलं आहे. मला माहीत नव्हतं, आणि माहीत आहे असं मी सांगितलं. या लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. माझी अब्रू राखायला चार दिवस किनारा विकल्याचा शिक्का सोसला. चूक माझी आहे, त्यांची संमती नाही."

उपनगराध्यक्ष बाईंनी दिंदोकडे पाहिलं. "हे उत्तर तुम्ही पुसलंत?"

दिंदोचं लोणी तिथेच वितळलं. "मी... फापटपसारा काढला फक्त. कापितान म्हणाले, होकार तेवढे ठेव, बाकीची बडबड काढ."

कापितान खिडकीबाहेर बघून हसत होता. कपाळावर घाम. विल्यारिन आपल्या बुटांकडे बघत होता.

निकाल तासाभरात आला. संमती रद्द. प्रस्ताव मांडायचाच असेल, तर किनाऱ्यावर सभा घेऊन, अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचून मांडावा, आणि पानावरही चित्रात नव्हे, अक्षरांत द्यावा. बाया ओरडल्या, कुणी टाळ्या पिटल्या. मी मानांगला म्हणालो, "जिंकलो." ती माझ्याकडे बघत नव्हती.

मॅम एर्लिंदा भिंतीला टेकून एकटीच उभी होती. तिच्याजवळ जावं की नाही, कुणाला कळेना. आमची माणसं भित्री नाहीत, पण अशा वेळी आमचे पाय जड होतात. ती दाराकडे निघाली.

तेव्हा तियो इमो गर्दीतून आला. हातात निकालाचा कागद, शिक्का अजून ओला. सभेत वकील होते, कारकून होते, शहरात शिकून आलेली पोरं होती. तो कुणाकडे गेला नाही. मॅमच्या पुढ्यात जाऊन त्यानं कागद धरला.

"वाचा, मॅम."

"इमो, दुसऱ्या कुणाला तरी..."

"वाचा."

मॅमनं चष्मा लावला. ती वाचू लागली, एकेक ओळ तोडून, जशी पोरांना वाचून दाखवायची तशी. आम्ही सगळे तिच्याभोवती गोळा झालो. तिसऱ्या ओळीत कायद्याचा कसलातरी लांबलचक शब्द आला. ती थांबली. पुन्हा बघितला. तिच्या तोंडावर काय काय येऊन गेलं, ते मी सांगू शकत नाही.

"हा शब्द," ती मोठ्यानं म्हणाली, "मला माहीत नाही."

कुणी हसलं नाही. तियो इमोनं कागदावर बोट ठेवलं, त्या शब्दाच्या पुढे.

"राहू दे, मॅम. तो विचारू कुणाला तरी. तुम्ही पुढचं वाचा."